माउस अडकतोय, पण नेमका केव्हा?

"बाण परत अडकला रे!" आतल्या खोलीतून बाबांची अशी हाक आली की माझी संध्याकाळ गेली म्हणून समजायचं. आमच्या घरात कर्सरला बाण म्हणतात. डेस्कटॉप जुनाच: टेबलाखाली सीपीयूचा डबा, वर व्हीजीए केबलवरचा मॉनिटर, आत लिनक्स मिंट ही ऑपरेटिंग सिस्टिम आणि हातात वायरलेस माउस. बाण नीट सरकता सरकता मधेच थिजायचा आणि मग एकदम दोन बोटं पुढे उडी मारायचा. फोटो ओढून एका फोल्डरमध्ये टाकायला जावं, तर तो शेजारच्या फोल्डरमध्ये पडायचा. मग शोधाशोध.

दोन महिने मी या दुखण्यावर जे जे केलं, ते आता सांगायलाही लाज वाटते. सेटिंगमधली वेगाची पट्टी पुढे-मागे केली. सेल बदलले. नवा माउस आणला. तोही तसाच वागतो म्हटल्यावर आणखी एक आणला. कर्नल (लिनक्सचा गाभा) बदललं. शेवटी एका रविवारी अख्खं मिंट नव्याने बसवलं. प्रत्येक उपायानंतर दोन दिवस बरं वाटायचं आणि तिसऱ्या दिवशी आतून हाक यायचीच. नंतर कळलं की दोष एक नव्हताच. दोन वेगवेगळे दोष आळीपाळीने हजेरी लावत होते, त्यामुळे एकावरचा उपाय दुसऱ्यापुढे फुकट जायचा.

वाट दाखवली ती बाबांनीच. ते निवृत्तीनंतर तबला शिकायला जातात. एकदा माउस गोल गोल फिरवत तोंडाने काहीतरी मोजत बसले होते. म्हणाले, "हा दहा मोजले की अडकतो. झपताल आहे हा." मी हसलो आणि मग मोबाइलवर स्टॉपवॉच लावलं. १० सेकंद. पुन्हा १०. पुन्हा १०.

तेव्हापासून कुणीही "लिनक्सवर माउस अडकतो" म्हणालं की मी आधी ठेका विचारतो. ठरावीक अंतराने अडकतो का? थोडा वेळ हात न लावता ठेवल्यावर पहिल्याच हालचालीला अडकतो का? हार्ड डिस्कवर कॉपी चालू असतानाच अडकतो का? ब्राउझरमध्ये चाळीस टॅब उघडल्यावर? की टेबलाच्या एका कोपऱ्यातच? एक दिवस कशालाही हात न लावता हे नुसतं टिपून ठेवलं, तरी निम्मं निदान होतं.

पुढे कमांड आणि फाइलींची नावं उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत. टर्मिनलमध्ये, म्हणजे कमांड टाइप करायच्या खिडकीत, ती अर्थातच इंग्रजी अक्षरांत टाइप करायची.

आधी माउस निर्दोष आहे का ते ठरवा

हातापासून पडद्यापर्यंतचा रस्ता लांब आहे. माउसच्या पोटातला सेन्सर टेबलाचे सेकंदाला हजारो फोटो काढतो आणि दोन फोटोंची तुलना करून किती सरकलो याचा हिशेब मांडतो. तो हिशेब वायरने किंवा २.४ गिगाहर्ट्झच्या रेडिओने यूएसबी पोर्टापर्यंत जातो. तिथून कर्नल, मग हालचालींचा अर्थ लावणारं लिबइनपुट, मग पडद्यावरचं चित्र रचणारा एक्स सर्व्हर (यालाच एक्सऑर्ग म्हणतात) किंवा त्याच्या जागी आलेल्या वेलँडचा कंपोझिटर आणि शेवटी पडदा. या रस्त्याच्या मधोमध कर्नलची चौकी आहे. त्या चौकीवर उभं राहून येणारी गाडी वेळेवर येते का, एवढंच पाहायचं.

त्यासाठी ईव्हीटेस्ट नावाचं छोटं पॅकेज बसवा आणि ते सुडो लावून, म्हणजे प्रशासकाच्या अधिकाराने, चालवा. ते उपकरणांची यादी दाखवतं. आपल्या माउसचा क्रमांक द्यायचा. मग माउसची प्रत्येक हालचाल वेळेच्या शिक्क्यासह एकेका ओळीत उमटायला लागते. मात्र ती पडद्यावर बघत बसू नका. पडदाच अडकत असेल तर ओळीही अडकलेल्या दिसणार आणि तुम्ही माउसलाच दोष देणार. टी (टी-ई-ई) या कमांडने सगळं एका फाइलमध्ये उतरवून घ्या, मिनिटभर माउस न थांबता गोल फिरवा आणि नंतर निवांत फाइल उघडा. शिक्का कर्नलने मारलेला असतो, पडद्याने नाही, म्हणून पडदा गोठला तरी तो खरं बोलतो.

साधा माउस सेकंदाला १२५ वेळा बातमी देतो, म्हणजे दोन शिक्क्यांत साधारण ८ मिलिसेकंदांचं अंतर दिसतं. गेमिंग माउस १,००० वेळा देतो, तिथे १ मिलिसेकंद. बातम्या याच चालीने सलग येत असतील आणि तरी बाण उड्या मारत असेल, तर माउस, सेल, रिसीव्हर, पोर्ट हे सगळे निर्दोष. दोष चौकीच्या पुढे, म्हणजे ग्राफिक्सकडे किंवा मशीनवरच्या ताणाकडे. उलट हात फिरत असताना मधेच शे-दोनशे मिलिसेकंदांचा खड्डा दिसला, तर दोष बहुतेक चौकीच्या अलीकडे.

ही पाच मिनिटांची तपासणी मी पहिल्या दिवशी केली असती, तर दोन माउसचे पैसे वाचले असते. घरात जुना वायरचा माउस असेल तर तोही लावून बघा. पण तो लावून बरं वाटलं म्हणून लगेच नाचू नका. त्याच वेळी कॉपी चालू होती का, हे आधी आठवा.

दर १० सेकंदांनी

आमच्याकडच्या फाइलीत खड्डे नव्हते. ८, ८, ८, अशी सलग रांग. म्हणजे बाण पडद्यावर अडकत होता.

मॉनिटर जोडला किंवा काढला हे एचडीएमआय आणि डिस्प्लेपोर्ट स्वतःहून कळवतात. त्यांना तशी वेगळी पिनच आहे. व्हीजीएला ती नाही. म्हणून ज्या कनेक्टरकडून अशी बातमी येण्याची खात्री नसते, तिथे लिनक्स कर्नल दर १० सेकंदांनी स्वतः जाऊन विचारतं: कुणी आहे का? मॉनिटर आपली ओळख एका छोट्या तक्त्यातून देतो, त्याला ईडीआयडी म्हणतात. केबल धड असेल तर ही विचारपूस आपल्या लक्षातही येत नाही. केबल खराब असेल तर उत्तर अर्धवट येतं, कर्नल पुन्हा पुन्हा विचारत राहतं, आणि काही ग्राफिक्स ड्रायव्हर तेवढा वेळ बाण हलवण्याचं काम ताटकळत ठेवतात.

हीच भानगड आहे का, हे ओळखायची एक सोपी युक्ती आहे. एक्सऑर्गच्या सेशनमध्ये एका हाताने माउस फिरवत ठेवा आणि दुसऱ्या हाताने टर्मिनलमध्ये एक्सरँडआर ही कमांड द्या. ही कमांड सगळ्या कनेक्टरांची तीच विचारपूस मुद्दाम करायला लावते. एंटर दाबल्याबरोबर बाण थिजला, तर चोर सापडला. मी एंटर दाबलं आणि बाण अर्धा सेकंद जागच्या जागी!

तात्पुरता उपाय असा: /सिस/मॉड्यूल/डीआरएम_केएमएस_हेल्पर/पॅरामीटर्स/पोल या फाइलीत रूट (प्रशासक) म्हणून इंग्रजी कॅपिटल एन लिहायचं. झपताल तिथल्या तिथे थांबतो. रीस्टार्टनंतरही राहावं असं वाटत असेल, तर /ईटीसी/डिफॉल्ट/ग्रब या फाइलीतल्या कर्नलच्या ओळीत डीआरएम_केएमएस_हेल्पर.पोल=० हे जोडून अपडेट-ग्रब चालवायचं. एवढं केल्यावर व्हीजीएला नवा मॉनिटर जोडला तर तो आपोआप ओळखला जाणार नाही, हे लक्षात ठेवा. घरातल्या एका मॉनिटरच्या मशीनला त्याने काही फरक पडत नाही.

पण खरं दुखणं केबलमध्येच होतं. काढून पाहिली तर एक पिन वाकलेली. व्हीजीएच्या १५ पिनांपैकी १२ आणि १५ क्रमांकाच्या पिना मॉनिटरच्या ओळखीचा तक्ता वाहून आणतात, आणि आमची १२ नंबरची आडवी झाली होती. (९ क्रमांकाची पिन बऱ्याच केबलींत मुळातच नसते, ती जागा रिकामी दिसली म्हणून घाबरू नका.) आता आठवतं, की कधी कधी मशीन चालू केल्यावर अक्षरं एकदम मोठी दिसायची, रेझोल्यूशन १०२४×७६८ वर आलेलं असायचं. मी दरवेळी ते हाताने बदलून पुढे जायचो. तो याच दोषाचा निरोप होता.

अंतर १० सेकंदांचं नसून ५ किंवा ६० सेकंदांचं असेल, तर पॅनेलवर बसवलेल्या ॲपलेटांकडे संशयाने बघा. तापमान, ग्राफिक्स कार्ड, हवामान दाखवणारं काहीतरी ठरावीक वेळेने जागं होत असतं. एकेक काढून बघणं हाच मार्ग.

बॅकअपच्या वेळी

केबल बदलली, आठवडा सुखाचा गेला आणि शनिवारी रात्री पुन्हा हाक. या वेळी ठेका नव्हता, नुसती फरफट. शनिवारी रात्री मी बाहेरच्या हार्ड डिस्कवर बॅकअप घेतो. पुन्हा ईव्हीटेस्ट. आता फाइलीत खड्डेच खड्डे.

यूएसबी ३ च्या तारेतून सेकंदाला ५ गिगाबिट माहिती धावते आणि तिचा विद्युत गोंगाट २.४ गिगाहर्ट्झच्या आसपासही पसरतो. नेमक्या त्याच पट्ट्यात वायरलेस माउस बोलत असतो. इंटेलने २०१२ मध्ये यावर एक तांत्रिक लेखच प्रसिद्ध केला होता. त्यात हा गोंगाट सुमारे २० डेसिबलपर्यंत वाढलेला मोजला आहे. माउसचा रिसीव्हर म्हणजे नखाएवढं यंत्र. त्याला हार्ड डिस्कच्या शेजारच्या निळ्या, म्हणजे यूएसबी ३ च्या पोर्टात, तेही लोखंडी डब्याच्या मागच्या बाजूला खोचणं म्हणजे लग्नाच्या बँडशेजारी उभं राहून फोनवर कुजबुज ऐकण्यासारखं. आणि मी नेमकं तेच केलं होतं, कारण मागचं पोर्ट "दिसत नाही, नीटनेटकं वाटतं".

उपाय स्वस्त आहे. मीटरभर लांबीची साधी यूएसबी एक्स्टेंशन केबल घ्या, ती शक्यतो काळ्या, म्हणजे यूएसबी २ च्या पोर्टात लावा आणि रिसीव्हर टेबलावर माउसपासून वीतभर अंतरावर ठेवा. आमच्याकडे तो पेन ठेवायच्या कपाला टेकवलेला असतो. दिसायला वाईट, पण त्या दिवसापासून बॅकअप चालू असतानाही बाण लोण्यासारखा चालतो.

वायरच्या माउसलाही कॉपीच्या वेळी धक्के बसत असतील, तर मात्र रेडिओचा संबंध नाही. संथ पेन ड्राइव्हवर मोठी फाइल टाकताना लिनक्स ती आधी मेमरीत साठवून घेतं आणि मागाहून हळूहळू उतरवतं. बहुतेक ठिकाणी ही साठवण उपलब्ध मेमरीच्या २० टक्क्यांपर्यंत वाढू दिली जाते. १६ जीबी रॅमच्या मशीनवर हा ढीग तीन जीबीच्या आसपास जातो, आणि तो एका मरतुकड्या पेन ड्राइव्हवर उपसताना बाकीचे प्रोग्राम खोळंबतात. /ईटीसी/सिसकंट्रोल.डी या फोल्डरचं इंग्रजी नाव एस-वाय-एस-सी-टी-एल असं आहे. त्यात एक फाइल करून व्हीएम.डर्टी_बाइट्सला २५६ एमबी आणि व्हीएम.डर्टी_बॅकग्राउंड_बाइट्सला ६४ एमबी इतकी मर्यादा घालता येते. आकडा बाइटमध्ये लिहायचा: २६८४३५४५६ आणि ६७१०८८६४. कॉपी संपायला कदाचित तेवढाच वेळ लागेल, पण "कॉपी झाली" म्हणून सांगणारी पट्टी तरी खोटं बोलणार नाही.

पहिल्या हालचालीला

हे ओळखायला सर्वांत सोपं. चहा पिऊन आलात, माउस हलवला, एक-दोन सेकंद काहीच नाही, मग सगळं ठीक. यूएसबीची ऑटोसस्पेंड नावाची सोय उपकरण स्वस्थ बसलं की त्याला झोपवते. कर्नलमध्ये ही मुदत मुळात २ सेकंदांची आहे. माउसला सहसा ती लागू नसते. पण कुणीतरी कुठेतरी वाचून पॉवरटॉप या वीज वाचवणाऱ्या प्रोग्रामचं ऑटो-ट्यून चालवलेलं असतं आणि ते सरसकट सगळ्यांना झोपवतं. भिंतीतून वीज घेणाऱ्या डेस्कटॉपला बॅटरी वाचवायची कसली हौस? ऑटो-ट्यूनची सर्व्हिस लावली असेल तर काढून टाका. टीएलपी हा तसाच दुसरा प्रोग्राम हवाच असेल, तर त्याच्या सेटिंगच्या फाइलीत यूएसबी_डिनायलिस्टमध्ये माउसचा आयडी घाला. तो एलएसयूएसबी या कमांडने मिळतो.

मशीन दमलं की

चाळीस टॅब, व्हिडिओ कॉल, वर लिबरऑफिस. बाण चिखलातून चालल्यासारखा. इथे लिबइनपुट स्वतःच तक्रार लिहून ठेवतं: इव्हेंट प्रोसेसिंग इतके मिलिसेकंद मागे पडलं, युवर सिस्टिम इज टू स्लो. वेलँडवर ही ओळ जर्नलसीटीएल या कमांडने दिसणाऱ्या नोंदींत सापडते, एक्सऑर्गवर त्याच्या लॉग फाइलीत. ती वाचून लोक लिबइनपुटवर चिडतात. बिचारं फक्त निरोप देतंय.

व्हीएमस्टॅट १ ही कमांड चालू ठेवा आणि स्वॅपचे (रॅम भरली की डिस्कवर वापरली जाणारी जागा) एसआय, एसओ हे दोन रकाने बघा. तिथे सतत मोठे आकडे पळत असतील तर रॅम कमी पडतेय. रॅम वाढवणं सर्वांत बरं, नाहीतर झेडरॅम, म्हणजे रॅममधलीच माहिती दाबून ठेवणारी सोय, चालू करा. स्वॅप जुन्या फिरत्या हार्ड डिस्कवर असेल तर एसएसडी घेतल्याशिवाय सुख नाही, हे माझं स्पष्ट मत.

स्वॅप शांत असूनही बाण ओढत असेल, तर लॉगिनच्या पानावर जाऊन दुसरं सेशन निवडून बघा. एक्स सर्व्हरमध्ये २०१६ च्या १.१९ या आवृत्तीपासून माउसचं काम वेगळ्या थ्रेडवर, म्हणजे कामाच्या स्वतंत्र धाग्यावर, चालतं, त्यामुळे खिडक्या गोठल्या तरी बाण पळत राहतो. वेलँडवर बाणाची जबाबदारीही कंपोझिटरकडेच. तो दुसऱ्या कामात अडकला की बाणही अडकतो. ग्नोम या डेस्कटॉपने २०२३ च्या ४५ व्या आवृत्तीत पडद्याशी बोलण्याचं काम वेगळ्या थ्रेडवर टाकलं आणि ही तक्रार बरीच कमी झाली. त्याआधीची आवृत्ती वापरत असाल, तर अपडेट करणं हाच उपाय समजा. केडीई या दुसऱ्या डेस्कटॉपवर बाणच झगमगत किंवा तुटत असेल, तर केविन_फोर्स_एसडब्ल्यू_कर्सर=१ हा एन्व्हायरन्मेंट व्हेरिएबल लावून सॉफ्टवेअर कर्सर वापरून बघता येतो; केविन म्हणजे के-विन, त्यांचा विंडो मॅनेजर.

गेमिंग माउस असेल तर त्याचा १,००० चा दर ५०० किंवा १२५ वर आणून बघा. पायपर नावाच्या प्रोग्राममध्ये बऱ्याच माउससाठी हे एका क्लिकवर होतं. जुन्या प्रोसेसरला सेकंदाला हजार निरोप ऐकणं जड जातं.

उरलेलं

एएमडी रायझनच्या मशीनवर क्वचित असं होतं की माउस, आवाज, व्हिडिओ सगळंच एकदम अडखळतं, वायरच्या माउसवरही, आणि ईव्हीटेस्टमध्येही खड्डा दिसतो, कारण तिथे कर्नललाच थांबावं लागतं. त्यात एफटीपीएमचा, म्हणजे प्रोसेसरमधल्या सुरक्षेच्या सोयीचा, हात असू शकतो. एएमडीने २०२२ मध्ये हा दोष मान्य केला. लिनक्सने ऑगस्ट २०२३ मध्ये त्या एफटीपीएमकडून यादृच्छिक आकडे घेणंच बंद केलं. बायॉस आणि कर्नल दोन्ही त्यानंतरचे असतील तर हा विषय सोडून द्या.

ब्लूटूथ माउस हेडफोन लावल्यावरच अडखळत असेल, तर वाय-फाय ५ गिगाहर्ट्झवर न्या. एकाच चिपवर वाय-फाय आणि ब्लूटूथ असले की दोघं २.४ च्या पट्ट्यात आळीपाळीने बोलतात.

आणि टेबल! काच, गुळगुळीत सनमायका किंवा चकचकीत प्लास्टिकचं कव्हर असलं की सेन्सरला धड फोटोच मिळत नाहीत. खाली वर्तमानपत्राचा कागद घालून बघा. माउस उलटा करून भोकात केस किंवा धागा अडकलाय का तेही बघा. आमच्याकडे मांजर आहे, त्यामुळे हे महिन्यातून एकदा करावंच लागतं.

एवढं करूनही सुटलं नाही आणि कुणाला विचारायची वेळ आली, तर यूनेम -आर ने मिळणारा कर्नलचा आकडा, डेस्कटॉप कोणता, एक्सऑर्ग की वेलँड, माउस वायरचा की रेडिओचा, एलएसयूएसबी -टी मध्ये तो कुठल्या पोर्टाखाली दिसतो, ईव्हीटेस्टमध्ये खड्डे आहेत की नाहीत, आणि ठेका, एवढं पहिल्याच निरोपात लिहा. "माउस अडकतो, मदत करा" असं लिहिलंत तर पहिलं उत्तर येणार, "सेल बदलून पाहिले का?"

आमचा बाण हल्ली एकदाच अडखळतो, रात्री जेवणाआधी मायक्रोवेव्ह लावला की. स्वयंपाकघर भिंतीपलीकडेच आहे आणि मायक्रोवेव्हही २.४५ गिगाहर्ट्झवरच चालतो. बाबांची त्याला हरकत नाही. बाण अडखळला की ते उठून ताटं घ्यायला येतात.